गिटार बुडाली नव्हती

गेल्या महिन्यात एका जुन्या मित्राच्या घरी आम्ही सहा-सात जण रश या बँडच्या मैफलींचे व्हिडिओ बघायला जमलो होतो. 'मूव्हिंग पिक्चर्स'च्या काळातली गाणी झाली, सगळे खूश. पुढची डिस्क १९८४ ची होती. ती यंत्रात जायच्या आत कुणीतरी म्हणालं, "तो सिंथेसायझरचा काळ सोड, पुढचं लाव." डिस्क परत खोक्यात गेली. त्यावर चर्चाही झाली नाही, आणि मला लागलं ते हेच. हा निकाल आता इतका पक्का झालाय की त्याच्या बाजूने कुणाला काही बोलावंही लागत नाही.

निकाल असा आहे. १९७६ च्या '२११२' या अल्बमपासून १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'पर्यंत हा कॅनडाचा बँड थोर होता. १९८२ च्या 'सिग्नल्स'पासून १९८७ च्या 'होल्ड युअर फायर'पर्यंत बेस वाजवत गाणारा गेडी ली कीबोर्डच्या नादी लागला. ॲलेक्स लाइफसनची गिटार त्याखाली बुडाली, नील पर्टसारख्या ड्रमरने प्लास्टिकच्या षटकोनी चकत्या बडवल्या आणि रंगमंचावर तीन वादकांच्या जागी तीन यंत्रचालक उभे राहिले. मैफलींचे व्हिडिओ हे या म्हणण्याचा पुरावा म्हणून पुढे केले जातात: बघा, किती थंड, किती कृत्रिम. मला हा निकाल मान्य नाही, आणि माझा पुरावासुद्धा तेच व्हिडिओ आहेत. फक्त ते नीट बघायला हवेत.

मला ते नीट बघायला फार उशिरा मिळाले. १९९० च्या सुमाराला टोरांटोजवळ राहणाऱ्या मावसभावाने 'अ शो ऑफ हँड्स' या रशच्या मैफलीची टेप पाठवली. तिकडच्या टेपा वेगळ्या पद्धतीच्या असत. आमच्या घरच्या व्हीसीआरवर ती लावली तर चित्र काळंपांढरं दिसायचं आणि पडद्यावर खालून वर सरकत राहायचं. आवाज मात्र स्वच्छ. दोन वर्षं मी ती मैफल तशी ऐकली, म्हणजे बघण्याचा प्रयत्न करत ऐकली. आवाज एवढा दाट होता की पडद्यामागे आणखी दोघे-तिघे वादक बसलेले असणार याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. मग ओळखीतल्या एकाकडे दोन्ही पद्धतींच्या टेपा चालणारा व्हीसीआर आला. त्या दिवशी चित्र पहिल्यांदा स्थिर झालं आणि मी गेडी लीचे पाय पाहिले.

त्या पायांकडे परत येईनच. आधी इतिहासातली एक गडबड दूर करायला हवी.

सिंथेसायझर रशमध्ये १९८२ साली घुसला, असं समजलं जातं. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या '२११२' ला गिटारवाले देव्हाऱ्यात बसवतात, त्या अल्बमचा पहिला आवाजच एआरपी ओडिसी या सिंथेसायझरचा आहे. तो वाजवला ह्यू साइमने, बँडची मुखपृष्ठं करणाऱ्या चित्रकाराने. १९७७ च्या 'अ फेअरवेल टू किंग्ज'मध्ये गेडी लीच्या हाताशी मिनीमूग आणि पायाशी मूग टॉरस पेडल्स होती. 'टॉम सॉयर' कुठेही लावा, खोलीतली माणसं पहिल्या सेकंदाला मान वर करतात. ती मान वर होते ते ओबरहाइम ओबी-एक्सच्या त्या घरघरत खाली उतरणाऱ्या आवाजामुळे. गिटारची पहिली कॉर्ड नंतर येते. त्याच अल्बमच्या शेवटच्या 'व्हायटल साइन्स' या गाण्यात सिक्वेन्सरचे टपटप पडणारे सूर आहेत आणि त्यांच्यावर रेगेच्या वळणाची गिटार आहे. 'सिग्नल्स'चा दरवाजा तिथेच उघडलेला होता. म्हणजे 'मूव्हिंग पिक्चर्स'पर्यंत सोनं आणि नंतर पितळ ही रेघ ज्यांनी मारली, त्यांनी सिंथेसायझरला विरोध कधी केलाच नव्हता. तो सजावटीपुरता होता तोवर त्यांना चालला. गाण्याचा सांगाडाच त्याच्यावर उभा राहिला तेव्हा त्यांना तो टोचू लागला.

आणि सांगाडा का बदलला? 'सबडिव्हिजन्स' ऐकलं की ते कळतं. टोरांटोच्या उत्तरेकडच्या विलोडेल उपनगरात गेडी ली आणि लाइफसन वाढले, पर्ट सेंट कॅथरिन्सच्या बाजूचा. तिघांचंही लहानपण सारख्या घरांच्या, सारख्या रस्त्यांच्या वस्तीत गेलं. तिथे वेगळं असणाऱ्या मुलाला वर्गात जागा नसते. गाणं त्या मुलाविषयी आहे. सुरुवातीला सात मात्रांवर फिरणारी कीबोर्डची ओळ येते आणि ती एकसारखी, न थकता फिरत राहते. वरून घेतलेल्या छायाचित्रात उपनगराची छपरं ओळीने दिसावीत तशी ती ऐकू येते. हेच गिटारवर वाजवलं असतं तर त्या गाण्यात बंडखोरी आली असती, घाम आला असता. इथे बंडखोरी सुचायच्या आधीची घुसमट हवी होती. तो सपाट, चकचकीत, दमछाक न होणारा आवाज हा या गाण्याचा विषय आहे. त्याला थंड म्हणून नापास करणं म्हणजे विरहाचं पद रडकं आहे अशी तक्रार करण्यासारखं आहे.

आता गिटारकडे. विरोधकांचा सगळ्यात भक्कम साक्षीदार खुद्द ॲलेक्स लाइफसन आहे, आणि मी त्याला टाळणार नाही. या काळाविषयी त्याची नाराजी त्याने लपवलेली नाही. 'सिग्नल्स'च्या मिक्समध्ये गिटार मागे गेली हे तो बोलला आहे. पुढच्या अल्बमांत कीबोर्ड आधी भरले जात आणि उरलेल्या फटींत आपल्याला जागा शोधावी लागे, हेही त्याने सांगितलं आहे. मी 'सिग्नल्स' शेकडो वेळा ऐकलाय आणि मिक्सबद्दल त्याचं म्हणणं मला पटतं. 'द ॲनालॉग किड' सोडलं तर गिटार बऱ्याच ठिकाणी पडद्याआडून बोलते. टेरी ब्राउन या निर्मात्याबरोबरचा बँडचा तो शेवटचा अल्बम. वाट बदलताना चाक थोडं घसरतं, तसं तिथे झालं.

पण लाइफसनची तक्रार काय आहे ते शब्दशः घ्या. जागा कमी मिळाली, असं तो म्हणतो. गाणी वाईट होती असं म्हणत नाही. आणि कमी जागेत त्याने काय केलं ते बघा. आधीच्या काळात तो जाड, विकृत आवाजाच्या कॉर्डनी भिंत उभी करायचा. ती भिंत आता कीबोर्ड उभी करत होते. मग त्याने मोकळ्या तारा झंकारत ठेवणाऱ्या, पूर्ण न मिटणाऱ्या कॉर्ड घेतल्या, कोरसचा पाणीदार आवाज घेतला, आणि कधी ताल धरायचा, कधी फक्त एक सूर लटकता ठेवायचा हे नव्याने ठरवलं. 'बिटवीन द व्हील्स'मधला सोलो ऐका. 'इमोशन डिटेक्टर'मधला ऐका. १९७८ च्या लाइफसनला हे वाजवता आलं नसतं. ते हात तेच होते, पण इतक्या थोडक्या जागेत इतकं बोलायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. अडचणीतून कलावंताला नवी भाषा सापडली असेल, तर त्याने अडचणीबद्दल कुरकुर केली म्हणून ती भाषा खोटी ठरत नाही.

आता ती डिस्क, जी परत खोक्यात गेली. टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये सप्टेंबर १९८४ मध्ये झालेली मैफल, डेव्हिड मॅलेटने चित्रित केलेली. त्यात 'रेड सेक्टर ए' आहे. विरोधकांच्या व्याख्येनुसार हे गाणं म्हणजे गुन्ह्याचा कळस, कारण या गाण्यात बेस गिटारच नाही. गेडी लीच्या गळ्यात पट्टा नाही, तो कीबोर्डमागे उभा आहे. पर्ट ड्रमच्या मुख्य संचाकडे पाठ करून मागच्या सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक संचावर वाजवतोय. खालचे सूर, ठेका, ती न थांबणारी धडधड, सगळं विजेवर चाललंय. या सगळ्यात तारांचं वाद्य एकच आहे, लाइफसनच्या हातातलं. आवाज लहान करून ऐका किंवा मोठा करून ऐका, गाण्यात माणसाची नखं ओरबाडल्याची जी जाणीव आहे ती सगळी त्या गिटारमधून येते. बाकी सगळं यंत्रवत असल्यामुळे तिच्या प्रत्येक झंकारात जीव अडकतो. सिंथेसायझरने गिटार बुडवली म्हणणाऱ्यांनी हे एक गाणं शेवटपर्यंत बघावं.

आणि ते गाणं कशाविषयी आहे? गेडी लीची आई पोलंडमधली ज्यू, नाझींच्या छळछावण्यांमधून वाचलेली. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजा बर्गन-बेल्झनला पोचल्या तेव्हा ती तिथे होती. बाहेरचं जग अजून शिल्लक असेल यावर आत असलेल्यांचा विश्वासच उरला नव्हता, ही तिची आठवण गेडीने नीलला सांगितली आणि नीलने त्यातून गाणं लिहिलं. काळ आणि देश त्याने मुद्दाम सांगितले नाहीत. अशा गाण्याला ब्लूजचा गोड, ऊबदार बेस लावायचा? ती एकसुरी धडधड तिथे काय काम करते हे ज्याला ऐकू येत नाही, त्याने 'थंड' हा शब्द तक्रारीच्या सुरात वापरू नये. तो थंडपणा ठरवून आणलेला आहे आणि तो अंगावर येतो.

हे गाणं ज्यात आहे त्या 'ग्रेस अंडर प्रेशर' या अल्बमची सगळी हवाच तशी आहे. १९८३-८४ च्या हिवाळ्यात क्वेबेकमधल्या मोरिन-हाइट्सच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. त्याची गाणी लिहिताना पर्ट टोरांटोचं वर्तमानपत्र वाचत होता आणि त्यात आम्लपाऊस, पाडलेलं कोरियन प्रवासी विमान, अण्वस्त्रं हेच होतं. 'डिस्टंट अर्ली वॉर्निंग' या गाण्याचं नावच उत्तर ध्रुवाजवळ शत्रूच्या विमानांवर नजर ठेवणाऱ्या रडारच्या रांगेवरून घेतलंय. त्या काळाच्या भीतीला त्या काळाचा आवाज दिला. दहा वर्षांपूर्वीचा आवाज दिला असता तर ते आठवणीत रमणं झालं असतं.

दुसरा आरोप बाजाराचा. १९८३ साली झेडझेड टॉपने 'एलिमिनेटर'मध्ये सिक्वेन्सर घेतला, येसने '९०१२५' काढला, १९८४ मध्ये व्हॅन हेलनने 'जंप' वाजवलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. रशही त्याच वाऱ्यावर पैशासाठी वाहत गेला, असं सांगतात. मग तो पैसा कुठे आहे? 'मूव्हिंग पिक्चर्स' अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर चढला होता. 'सिग्नल्स', 'ग्रेस अंडर प्रेशर' आणि 'पॉवर विंडोज' हे तिन्ही दहाव्यावर थांबले, 'होल्ड युअर फायर' तेराव्यावर, आणि तो तर प्लॅटिनमपर्यंतही पोचला नाही. अमेरिकेत पहिल्या चाळिसांत गेलेलं त्यांचं एकमेव गाणं 'न्यू वर्ल्ड मॅन'. ते 'सिग्नल्स'च्या शेवटी झटपट केलेलं आणि त्या अल्बममधलं सगळ्यात साधं, गिटार पुढे असलेलं गाणं आहे. बाजारासाठी वाट बदलणारा माणूस पाच वर्षं तोट्याच्या दिशेने चालत राहत नाही. हे लोक आवडलं म्हणून गेले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

आता ते पाय.

'अ शो ऑफ हँड्स'चं बहुतेक चित्रण एप्रिल १९८८ मध्ये बर्मिंगहॅमला झालं. 'पॉवर विंडोज' आणि 'होल्ड युअर फायर' हे बँडचे सगळ्यात भरगच्च अल्बम. 'पॉवर विंडोज'साठी लंडनच्या ॲबी रोडमध्ये तीस तंतुवादकांचा ताफा बसवला होता, 'मॅरेथॉन'च्या शेवटाला पंचवीस गायकांचा वृंद होता, आणि अँडी रिचर्ड्स हा वेगळा कीबोर्डवादक स्टुडिओत बोलावला होता. हे सगळं घेऊन रंगमंचावर कसं जायचं? सोपे मार्ग दोन होते. चौथा माणूस घ्यायचा, किंवा मागे टेप चालू करून तिच्याबरोबर वाजवायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. तुकडे सॅम्पलरमध्ये भरले आणि ते तिघांनी आपापसांत वाटून घेतले. कुठला तुकडा कुणाच्या पायाने, कुठल्या मात्रेला सुटायचा, हे बसवलं.

'मॅरेथॉन' बघा. गेडी ली गातोय. सूर वरचा आहे, त्याला ढिलाई चालत नाही. हातात वॉल कंपनीचा बेस आहे आणि त्यावर चालू असलेली ओळ कुणीही नुसती बसून वाजवली तरी दाद मिळवेल अशी आहे. समोर माइक, बाजूला कीबोर्ड, खाली पेडल्सची रांग. ओळ संपता संपता तो पाय उचलतो, खाली बघत नाही, टाच बरोबर एका पट्टीवर टेकते आणि गायकवृंद उभा राहतो. तोवर उजवा हात बेसवरून सुटून कीबोर्डवर गेलेला असतो, आणि दोन मात्रांनी परत तारांवर. पलीकडे लाइफसन सोलोच्या तोंडावर आहे आणि त्याचाही पाय एका पेडलवर आहे. हा पाय अर्धी मात्रा उशिरा पडला तर अख्खा वृंद उशिरा गाणार आणि हजारो लोकांसमोर गाण्याचा कणा मोडणार. इथे टेप नाही, त्यामुळे सावरायलाही काही नाही. 'टर्न द पेज'मध्ये तर बेस आणि गाणं एकमेकांशी इतके वैर धरून चालतात की दोन्ही एकाच माणसाकडून होतंय यावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही.

याला यंत्रचालक म्हणायचं? आपल्याकडे चर्चमधल्या ऑर्गनवादकाला कुणी यंत्रचालक म्हणत नाही, त्याचे दोन्ही पाय वेगळी ओळ वाजवत असतात म्हणून उलट कौतुक करतात. ज्या मैफलीत माणूस सगळ्यात कमी होता असं सांगितलं जातं, त्या मैफलीत माणसाच्या चारही अवयवांवर रशच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं ओझं होतं. आधीच्या किंवा नंतरच्या कुठल्याही दौऱ्यात या तिघांनी चुकायला इतकी थोडी मोकळीक ठेवून वाजवलेलं मला दिसत नाही.

पर्टविषयी तर फारच अन्याय होतो. सिमन्सच्या चकत्यांचा आवाज आज जुना वाटतो, हे खरं. पण त्याच व्हिडिओतला त्याचा एकट्याचा तुकडा, 'द ऱ्हिदम मेथड', बघा. लाकडी ड्रम्सच्या मुख्य संचावर तो सुरू करतो. मग अख्खा चौथरा फिरतो आणि मागचा इलेक्ट्रॉनिक संच पुढे येतो. त्या फिरण्याला टाळ्या पडतात, पण महत्त्वाचं आहे ते पुढचं. एका पॅडवर टोला पडला की पितळी वाद्यांचा झोत उसळतो, आणि तो झोत ठेक्याशी सवाल-जवाब करायला लागतो. पर्ट लहानपणी जीन क्रुपा आणि बडी रिच यांच्या मोठ्या जॅझ बँडच्या जगावर भाळला होता. ते जग त्याने रॉकच्या रंगमंचावर एकट्याने, दोन काठ्यांनी उभं केलं, आणि ते शक्य झालं त्या प्लास्टिकच्या चकत्यांमुळे. वाद्य नवं होतं, ओढ फार जुनी होती.

नव्या वाद्यावर असा राग आपल्याकडेही काढला गेला आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. परकं वाद्य, स्वर बांधलेले, श्रुती नाहीत, मींड नाही, हे आक्षेप होते. तांत्रिक दृष्ट्या त्यातला एकही खोटा नव्हता. तरी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे गोविंदराव टेंब्यांची पेटी होती आणि मराठी रंगभूमीचं संगीत पेटीवर पोसलं गेलं. वाद्याला काय येत नाही याची यादी करणारे बरोबर होते, पण वाजवणाऱ्याने त्यातून काय काढलं हे ऐकायला ते बसले नाहीत. सिंथेसायझरला तार नाही, श्वास नाही, ही यादी मलाही पाठ आहे.

काही गोष्टी मी विरोधकांना देऊन टाकतो. 'होल्ड युअर फायर'चा पोत पातळ आहे. डिजिटल कीबोर्डची ती घंटेसारखी चकाकी काही ठिकाणी गाण्याच्या अंगावर न बसणाऱ्या कपड्यासारखी वाटते. 'ताई शान' मी आजही पुढे ढकलतो. पण त्याच अल्बमवर 'मिशन' आहे, 'फोर्स टेन' आहे, एमी मॅनचा आवाज असलेलं 'टाइम स्टँड स्टिल' आहे. एका कच्च्या गाण्यावरून पाच वर्षांचा निकाल लावता येत नाही. तसा लावायचा तर १९७५ चा 'करेस ऑफ स्टील' काढून मीही सुवर्णकाळावर खटला भरू शकतो.

दुसरी गोष्ट व्हिडिओंचीच. त्या काळातल्या चित्रणात धूर फार आहे, प्रकाश डोळ्यांत येतो, आणि हात नेमका हलायच्या वेळी कॅमेरा चेहऱ्यावर जातो. १९८१ च्या मॉन्ट्रियलच्या 'एक्झिट... स्टेज लेफ्ट'मध्ये तर मध्येच वादकांच्या मुलाखतीचा आवाज गाण्यांवर चढतो आणि मला दरवेळी हळहळ वाटते. पण हा दोष कॅमेऱ्याचा आणि संकलनाचा आहे. गंमत अशी की 'एक्झिट'मधला तो अडथळा सगळे माफ करतात, कारण गाणी लाडकी आहेत. १९८४ च्या धुराला मात्र संगीताचा थंडपणा समजलं जातं.

गाणी खरी की खोटी याचा कस पुढे लागला, जेव्हा ती मूळ कपड्यांशिवाय उभी राहिली. नोव्हेंबर २००२ मध्ये रिओ द जनेरोच्या माराकाना स्टेडियमवर चाळीसेक हजार लोक होते. पावसामुळे सामान उशिरा पोचलं होतं आणि आवाजाची धड तपासणीही झाली नव्हती. त्या व्हिडिओत 'वायवायझेड' या शब्द नसलेल्या रचनेची सुरावट लोक ओरडून गातात, ते सगळ्यांना आठवतं. त्याच रात्री 'डिस्टंट अर्ली वॉर्निंग', 'न्यू वर्ल्ड मॅन' आणि 'द बिग मनी'ला त्याच लोकांनी तेवढाच गळा दिला, ते कुणी सांगत नाही. २००४ च्या फ्रँकफर्टच्या मैफलीत 'सबडिव्हिजन्स' आहे, 'बिटवीन द व्हील्स' आहे, 'मिस्टिक ऱ्हिदम्स' आहे, 'रेड सेक्टर ए' आहे. आणि २०१२ च्या 'क्लॉकवर्क एंजल्स' दौऱ्यात तर या माणसांनी पहिला सगळा भाग जवळजवळ त्याच बदनाम काळाला दिला: 'ग्रँड डिझाइन्स', 'टेरिटरीज', 'द बॉडी इलेक्ट्रिक'. त्या दौऱ्यात प्रथमच बाहेरचे वादक त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभे राहिले, व्हायोलिन आणि चेलो घेऊन. त्यांच्या साथीने 'रेड सेक्टर ए' वाजलं. ज्या गाण्याला यंत्राशिवाय अस्तित्व नाही असं म्हणत होते, ते गज घेतलेल्या माणसांच्या हातात गेलं आणि त्याची दाहकता तसूभर कमी झाली नाही. लाइफसनही त्यात होता, तीच गिटार, तोच झंकार. या काळाचा त्याला तिटकारा होता म्हणणाऱ्यांनी त्या व्हिडिओत त्याचा चेहरा बघावा.

शेवटच्या दौऱ्याचं पान विरोधकांच्या हातात आहे, मला माहीत आहे. २०१५ च्या 'आर४०' मध्ये बँडने स्वतःचा इतिहास उलटा वाजवला. नव्याकडून जुन्याकडे जाताना कामगार रंगमंचावरचं सामान एकेक करून उतरवत गेले आणि शेवटी शाळेच्या व्यायामशाळेत ठेवावेत तसे खुर्चीवरचे ॲम्प उरले. या उलट्या प्रवासात 'पॉवर विंडोज' आणि 'होल्ड युअर फायर' यांतलं एकही गाणं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण दोन-अडीच वर्षांपूर्वीच ती गाणी भरभरून वाजवली होती. आणि जागा कमी असताना त्यांनी 'सिग्नल्स'मधून काय उचललं, ते या वादात फार बोलकं आहे.

त्यांनी 'लूझिंग इट' उचललं. पाच मात्रांत चालणारं, एका थकलेल्या नर्तकीचं आणि शब्द आटलेल्या लेखकाचं गाणं. अंगातली कला हळूहळू निघून जाते आणि ती जाताना माणूस स्वतः बघत असतो, हा त्याचा विषय. १९८२ साली तिशीही न ओलांडलेल्या पर्टने ते लिहिलं होतं आणि तेव्हापासून एकदाही ते रंगमंचावर वाजलं नव्हतं. जून २०१५ मध्ये टोरांटोला, गावच्याच प्रेक्षकांपुढे, बेन मिंक आपलं इलेक्ट्रिक व्हायोलिन घेऊन आला. मूळ अल्बमवर त्यानेच ते वाजवलं होतं. पर्ट बासष्ट वर्षांचा होता, त्याचे खांदे आणि पाय साथ सोडत होते आणि हा शेवटचा मोठा दौरा हे तिघांना कळलेलं होतं. सुरुवातीला गेडी लीच्या कीबोर्डचे सूर येतात, शांत, थोडे गार, १९८२ चेच. कॅमेरा मागे पर्टवर जातो. तो मान खाली घालून, ओठ मिटून, एकेक टोला मोजून ठेवतोय.